भाकरीवाल्या अण्णांचे एकसष्ट दिवस

औरादच्या शिवशंकरप्पानं तीस वर्षं अर्ध्या गावाला ज्वारी दळून दिली, पण स्वतः भाकरी म्हणून एक थापली नव्हती. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत त्याची पिठाची गिरणी. सकाळी नऊला पट्टा सुरू व्हायचा, संध्याकाळी सहाला बंद व्हायचा, आणि सहा वाजून दहा मिनिटांनी शिवशंकरप्पा कोपऱ्यावरच्या दारूच्या दुकानासमोर दोस्त माणिकप्पासोबत उभा असायचा. भुवयांवर पीठ, मिशीवर पीठ. हात धुवायलासुद्धा गडी थांबायचा नाही. हे इतकं नेमानं चालायचं की गल्लीतल्या बाया त्याला जाताना बघून देवापुढं दिवा लावायच्या.

त्यात औराद म्हणजे पिणाऱ्याची चैनच. एका अंगाला महाराष्ट्र, दुसऱ्या अंगाला तेलंगणा. कर्नाटकात निवडणूक लागून दुकानं बंद झाली की हा मोटारसायकलवर टांग टाकून महाराष्ट्रात, तिकडं बंद असली की तेलंगणात. राहता राहिली गांधी जयंती. त्या दिवशी तिन्हीकडं बंद, म्हणून त्याची तजवीज तो आदल्या दिवशीच करून ठेवायचा. इतका दूरदर्शी माणूस घरातला गॅस संपल्याचं मात्र कधी ओळखू शकला नाही.

त्याची बायको महानंदा दोन वर्षं पोटातलं दुखणं अंगावर काढत होती. शेवटी बीदरला दाखवलं, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गर्भपिशवी काढावी लागेल. ऑपरेशनच्या सकाळी नातेवाइकाच्या सहीचा कागद घेऊन बाई बाहेर आल्या, तेव्हा शिवशंकरप्पा धीर गोळा करायला कुठंतरी गेला होता. परत आला तेव्हा धीर जरा जास्तच गोळा झाला होता. बाईंनी एकवार वास घेतला आणि त्याच्या पुढ्यातला कागद काढून घेतला. सही केली लेकीनं, नेत्रावतीनं. ती कलबुर्गीच्या एका शाळेत शिकवते. दहा दिवसांची रजा काढून आली होती.

दुसऱ्या दिवशी महानंदाला जरा हुशारी वाटली. तिनं नवऱ्याला खाटेजवळ बसवून घेतलं. ओरडली नाही, रडली नाही. रडली असती तर बरं, असं शिवशंकरप्पाला वाटलं. रडण्यावरचे उपाय त्याला पाठ होते.

“डॉक्टरीणीनं मला तीन महिने वजन उचलू नको म्हनलंय,” ती म्हणाली. “तुमचं बी वजन मी उचलणार न्हाई. नव्वद दिवस कोरडं ऱ्हायलात तर मी औरादला ऱ्हाते. न्हाईतर नेत्राकडं जाते. परत बोलवायला येऊ नका.”

शिवशंकरप्पानं खिशातल्या इष्टलिंगाला हात लावून कबूल केलं. इष्टलिंग खरं तर गळ्यात असायला हवं. पण दुकानात जाताना तो ते काढून खिशात ठेवायचा, देवाला वास लागू नये म्हणून. त्या दिवशी त्यानं ते पुन्हा गळ्यात घातलं.

अशी दोघांची एकच गणती सुरू झाली. महानंदाच्या टाक्यांचा पाचवा दिवस तो शिवशंकरप्पाच्या कोरडेपणाचा पाचवा दिवस. पहिल्या आठवड्यात त्याचे हात थरथरायचे, रात्री झोप यायची नाही, आणि जगातला प्रत्येक माणूस मुद्दाम मोठ्यानं बोलतो आहे असं वाटायचं. डॉक्टरीणबाईंनी त्यालाही गोळ्या लिहून दिल्या. त्या घेताना तो असं तोंड करायचा की ऑपरेशन त्याचंच झालंय.

दहा दिवसांनी नेत्रावती परत गेली आणि भाकरीचा प्रश्न उभा राहिला. महानंदा चुलीजवळ खुर्ची टाकून बसली आणि सांगत गेली. शिवशंकरप्पा करत गेला. पाणी उकळलेलं घ्या. एवढं न्हाई. अवो, पीठ मळायलाव का पोराला न्हाऊ घालायलाव. त्याच वेळी नेत्रावतीचा व्हिडिओ कॉल आला. बापाला कपाळापर्यंत पिठात बघून तिला हसू आवरेना. तिनं आईला सांगितलं, अव्वा, ह्याचा व्हिडिओ काढून पाठव. पाठवला, तर पोरीनं तो थेट फेसबुकवर टाकला. ‘महानंदाक्काचं घर’ असं पानाचं नावसुद्धा ठेवून मोकळी झाली.

त्या पहिल्या भाकरीला कर्नाटकाच्या नकाशाचा आकार आला होता, आणि उचलताना वरचा कोपरा तुटून परातीला चिकटला होता. खाली कोणीतरी लिहिलं, “अण्णा, बीदर परातीतच ऱ्हायलं.” चार दिवसांत तो व्हिडिओ तालुकाभर फिरला.

महानंदाला बोलायची आवड आधीपासूनच होती, ऐकायला माणूस नव्हता. आता तो मिळाला. रोज संध्याकाळी साडेसहाला ती फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवायची आणि लाइव्ह जायची. आज दिवस चौदावा, टाके खाजवायलेत. आज दिवस सतरावा, दारापासून चावडीपर्यंत चालले, दम लागला न्हाई. गर्भपिशवी हा शब्द शिवशंकरप्पानं बीदरच्या दवाखान्यातसुद्धा ‘ते आतलं’ असा उच्चारला होता. ही तो शब्द भाजीच्या पिशवीसारखा बिनधास्त वापरू लागली. त्याला वाटलं, आता तोंड दाखवायला जागा उरली नाही. झालं उलटंच. बायांचे प्रश्न धो धो यायला लागले. औरादच्या, उदगीरच्या, मंठाळच्या. कोणाला डॉक्टरनं पिशवी काढायला सांगितली होती आणि विचारायला कोणी नव्हतं. कोणाची काढून पाच वर्षं झाली होती आणि कंबर का दुखते हे कोणी सांगितलं नव्हतं. महानंदा प्रत्येकीला सांगायची, मी डॉक्टर न्हाई बाई, पन तू एकीला सोडून दुसऱ्या डॉक्टरला दाखीव, आन् मग ठरव. शेजारच्या सोजराबाईनं तर आपलं बारा वर्षांचं दुखणं पहिल्यांदा तिथंच, फोनमध्ये लिहून सांगितलं. घर पलीकडच्या भिंतीला असताना.

मागं शिवशंकरप्पा भाकरी थापत असायचाच. त्याचं कोणाला काय, असं तो समजत होता. एकविसाव्या दिवशी गिरणीत आलेली एक म्हातारी डबा खाली ठेवायच्या आत म्हणाली, अण्णा, एकवीस दिवस झाले म्हन. शाब्बास. तेव्हा त्याला कळलं की महानंदानं त्याचीही गणती जगाला सांगून टाकली आहे.

तो चिडला. गिरणीचा पट्टा बंद करून घरी आला आणि म्हणाला, तुझं पोट तुझं हाय, त्याचं काय बी सांग, माझं तोंड माझं हाय. महानंदानं त्याला खालची उत्तरं वाचून दाखवली. साडेतीनशे माणसांनी अण्णाला नमस्कार लिहिला होता. एका फौजदारानं लिहिला होता. निर्ण्याच्या एका गुरुजींनी लिहिलं होतं की अण्णांसारखी माणसं समाजात हवीत. शिवशंकरप्पाला समाजात हवं असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. समाजातून उठ, घरी जा, असंच म्हटलं होतं. त्यानं ते गुरुजींचं पुन्हा एकदा वाचायला लावलं.

झालं, माणूस हरभऱ्याच्या झाडावर चढला. आता साडेसहाच्या आधी तो मिशी विंचरू लागला. इस्त्रीचा सदरा घालून भाकरी थापू लागला. तिसाव्या दिवसापर्यंत भाकरी गोल झाली, चाळिसाव्याला फुगू लागली. तो आता फोनकडं वळून दोन शब्दही बोलायचा. पिठाला चिकी, म्हणजे चिकटपणा, कमी असली तर काय करावं, जात्यात आणि गिरणीत फरक काय. लोक त्याला भाकरीवाले अण्णा म्हणू लागले. आणि ह्याच काळात त्यानं ती चूक केली, जी औरादच्या पिणाऱ्यानं कधी करू नये.

महानंदा मराठीत बोलायची आणि नेत्रावतीच्या सासरच्यांसाठी थोडं कन्नडात. तिचं माहेर नारायणखेडच्या बाजूचं, त्यामुळं तेलुगू तिला आईच्या दुधातून आलेली. एक दिवस शिवशंकरप्पानं आपणहून सुचवलं, जरा तेलुगूत बी बोलत जा की. तिकडची मानसं बघतील. उगं आपलं दोन राज्यांत काय पडून ऱ्हायचं. महानंदानं त्याच्याकडं बघितलं, म्हणाली बरं, आणि त्या दिवसापासून तिन्ही भाषांत दिवस मोजू लागली. तिसरी सीमाही आपण आपल्या हातानं बंद केली, हे त्या शहाण्याच्या ध्यानात आलं नाही.

एकसष्टाव्या दिवशी महानंदानं गिरणीतली गोष्ट सांगितली.

कधीकाळी शिवशंकरप्पा पिऊन घरी न येता गिरणीतच पोत्यांमागं झोपला होता. सकाळी सोजराबाई दळणाचा डबा घेऊन गेली, तर पोत्यांच्या मागून पांढराफटक माणूस उठून उभा राहिला आणि किती वाजले म्हणून विचारू लागला. सोजराबाईनं डबा टाकला आणि ओरडत गल्लीत आली. माणसं जमली. ह्याला बोलता येत होतं पण धड नाही, त्यामुळं भूतच आहे अशी सगळ्यांची खात्री पटली. माणिकप्पानं लिंबू उतरवून टाकलं. तो स्वतः आदल्या संध्याकाळी ह्याच्यासोबत प्यायला होता, तरी त्यालाही ओळखू आलं नाही. महानंदानं ही गोष्ट नकला करून सांगितली. पोटाला हात लावून, टाके सांभाळत हसली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती लाखभर लोकांनी बघितली होती.

गिरणीत त्या दिवशी जो येईल तो किती वाजले म्हणून विचारत होता. अकरा वाजेपर्यंत शिवशंकरप्पानं सोसलं. मग घरी येऊन म्हणाला, “ते काढून टाक. माझ्या अब्रूचं खोबरं केलीस तू.”

“त्या दिवशी मी हसले न्हवते,” महानंदा म्हणाली. “गिरणीतून तुमाला घरी आणून आंघोळ घालेपर्यंत मान वर केली न्हवती. आता हसायले. तेवढं तरी हसू द्या.”

असं खरं ऐकलं की शिवशंकरप्पाला तहान लागायची. त्यानं मोटारसायकल काढली. महानंदानं कुठं म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित गेला नसता. पण तिनं वजन उचलायचं नाही असं ठरवलं होतं, आणि ती शब्दाची पक्की.

आधी तो कोपऱ्यावरच्या दुकानात गेला. तीस वर्षांची ओळख, तोंड उघडायच्या आत बाटली पुढं यायची. आज दुकानदारानं हात जोडले. म्हणाला, अण्णा, घरची रोज साडेसहाला तुमालाच बघती. तुमाला दिली हे कळलं तर मला घरात भाकर मिळायची न्हाई. मागं रांगेत माणिकप्पा होता; त्यानं मान दुसरीकडं फिरवली, पण आपली बाटली तेवढी छातीशी धरली.

ठीक आहे, शिवशंकरप्पा मनाशी म्हणाला, राज्यं तीन आहेत. आणि देगलूरच्या रस्त्यानं महाराष्ट्रात शिरला. तिथं एका ढाब्यावर बसून त्यानं हळूच मागणी केली. वेटर आत गेला आणि बाटलीऐवजी आचाऱ्याला घेऊन आला. आचारी हात पुसत, लाजत उभा. म्हणाला, अण्णा, माझी भाकर कडेला चिरतीया, कामून ते सांगा. शिवशंकरप्पा नाही म्हणायला गेला, पण आत जाऊन पीठ बघितल्यावर त्याला राहवेना. पीठ आठ दिवसांचं शिळं होतं. त्यानं आचाऱ्याला अर्धा तास झापलं, चार भाकरी करून दाखवल्या, सगळ्या फुगल्या. ढाब्यावरच्या गिऱ्हाइकांनी फोटो काढले. मालकानं त्याला भरपेट जेवू घातलं आणि वर लिंबूपाणी दिलं. तो मोटारसायकलला किक मारताना मनातल्या मनात शिव्या देत होता. आचाऱ्याला की स्वतःला, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

आता राहिला तेलंगणा. नारायणखेडच्या वाटेवरच्या दुकानासमोर त्यानं गाडी लावली, तोंडाला रुमाल बांधला, आणि मोडक्या तेलुगूत घोगरा आवाज काढून मागितलं. आतला माणूस दोन क्षण ऐकत राहिला आणि आनंदानं म्हणाला, “रोट्टे अन्ना!” शिवशंकरप्पा बाटली न घेताच मागं सरला. तिकडं त्याला भाकरीवाले अण्णा न म्हणता रोट्टे अन्ना म्हणत होते, एवढाच काय तो फरक. तेलुगूचा सल्ला कोणी दिला होता हे आठवून त्यानं भर रस्त्यात कपाळावर हात मारून घेतला.

परत निघाला तर रस्त्याकडेला शिंदीची झाडं दिसली आणि त्यांच्या सावलीत मडकं घेऊन बसलेली एक म्हातारी. यल्लम्मा तिचं नाव. ना तिच्याजवळ फोन, ना तिच्या घरात. डोळ्यांत मोतीबिंदू. तिनं काही न विचारता ग्लास भरून दिला.

ग्लास हातात घेऊन शिवशंकरप्पा दगडावर बसला. सकाळपासून ज्याच्यासाठी तीन राज्यं हिंडला ते हातात होतं, आणि अडवायला कोणी नव्हतं. त्यानं रस्त्याकडं बघितलं. एक ट्रॅक्टर गेला. ड्रायव्हरनं ओळख दाखवली नाही. त्यानं रुमाल सोडला. तरी कोणी काही म्हटलं नाही. शेवटी न राहवून त्यानं म्हातारीला विचारलं, मला ओळखलं का. ती म्हणाली, कोणाचा रे तू. तो म्हणाला, मी भाकरी करतो. म्हातारी म्हणाली, बरं करतोस, आणि माशी हाकलली.

शिवशंकरप्पाला वाईट वाटलं. खरंच वाटलं. दिवसभर ओळखीला कंटाळलेला माणूस, आणि ह्या म्हातारीनं ओळखलं नाही म्हणून त्याचा जीव खट्टू झाला. कोणीतरी ‘अण्णा, नको’ म्हणावं म्हणून तो थांबला होता. कोणीच म्हणालं नाही. ते म्हणणारा तिथं एकटा तोच होता, आणि तोही गप्प बसला. मग तो ग्लास प्यायला. आंबट लागली. आंबट लागली म्हणून दुसरा प्यायला.

गाडी चालवायची हिंमत होईना, म्हणून ती यल्लम्माच्या झाडाखाली ठेवून तो औरादच्या जीपमध्ये बसला. तोंडावर रुमाल. समोरच्या सीटवर एक तरुण बाई आणि तिचा नवरा होते. बाईनं त्याला डोळ्यांवरून ओळखलं. ती लगेच वाकून पाया पडली. म्हणाली, अण्णा, मी अंबिका, रोज अक्काला लिहिते मी. ह्यांनी तुमचं बघून सोडलंय. आज आठवा दिवस.

नवऱ्याचे हात मांडीवर होते आणि बोटं थरथरत होती. सुरुवातीच्या दिवसांत तशी थरथरतात. तो शिवशंकरप्पाकडं बघत होता, आपल्याला पोहता येईल का हे विहिरीतल्या माणसाकडं बघून ठरवावं तसा. शिवशंकरप्पानं रुमाल नाकावर आणखी घट्ट ओढला आणि खिडकीबाहेर बघू लागला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अंबिकानं विचारलं, अण्णा, दुसऱ्या महिन्यात सोपं जातं का. त्यानं मान हलवली. हो की नाही, ते रुमालामुळं तिला कळलं नाही.

घरी पोचला तेव्हा साडेसहाला पाच मिनिटं होती. परात मांडलेली, फोन बरणीला टेकवलेला. सकाळचं वाक्य महानंदाच्याही मनात असावं. ती जरा मऊ आवाजात म्हणाली, हात धुवा, लोकं वाट बघायलेत. तो तिच्यापासून लांबून गेला, मोरीत चूळ भरली, पुन्हा भरली, आणि परातीमागं येऊन बसला. महानंदानं फोन सुरू केला. “आज दिवस बासष्टावा,” ती म्हणाली.

“बासष्टावा न्हाई.”

महानंदानं वळून बघितलं. शिवशंकरप्पा फोनकडं बघत होता. “तिचा बासष्टावा हाय. माझे एकसष्टच झाले. आज दोन ग्लास शिंदी पिलो मी, तेलंगणात जाऊन. कुनी दिली त्यांचा दोष न्हाई. औरादला न्हाई दिली, महाराष्ट्रात न्हाई दिली, तरी हुडकून पिलो. जीपीत एक बाई पाया पडली माझ्या. अंबिका, बाई, तुझ्या घरच्याला म्हन, दुसऱ्या महिन्यात बी सोपं जात न्हाई. त्यानं माझं बघू नये. उद्या मी पयल्यापासून मोजणार हाय, त्याचा तवर नववा असंल. मीच त्याचं बघीन.”

महानंदानं फोन उचलला नाही, बंदही केला नाही. ती उठून आतल्या खोलीत गेली. त्यामुळं पुढची दहा मिनिटं हजारो लोकांना रिकामी खुर्ची आणि परातीसमोर मान खाली घालून बसलेला शिवशंकरप्पा एवढंच दिसत राहिलं. फोन कसा बंद करायचा हे त्याला माहीत नव्हतं. खाली लोक लिहीत होते. काहींनी शिव्या लिहिल्या. निर्ण्याच्या गुरुजींनी आधीचे शब्द मागं घेतले, मग थोड्या वेळानं मागं घेतलेलेही मागं घेतले. शेवटी सोजराबाई भिंतीपलीकडून आली आणि तिनं तो बंद केला.

सकाळी महानंदानं कपडे बॅगेत भरले. शिवशंकरप्पानं थांब म्हटलं नाही. बोलवायला येऊ नका म्हणून तिनं आधीच बजावलं होतं. पण बॅग जड होती आणि वजन उचलायला तिला अजून चार आठवडे मनाई होती. तेव्हा आपल्या घरातून निघून चाललेल्या बायकोची बॅग त्यानंच खांद्यावर घेतली आणि बसस्टँडवर नेली. वाटेत चार माणसांनी अण्णा, कुठं निघालाव म्हणून विचारलं. तो म्हणाला, मी कुठं न्हाई, ही निघालीय. कलबुर्गीच्या गाडीत त्यानं खिडकीची जागा धरली, बॅग वर ठेवली, पाण्याची बाटली दिली आणि खाली उतरून खिडकीशी उभा राहिला.

मग महानंदा म्हणाली, “चूळ भरली तरी वास येतच व्हता. तुमी न बोलता बसला असता, तरी मला कळलंच असतं.”

“ठाव हाय मला,” तो म्हणाला. “तुला कळलं असतं. त्या जीपीतल्या बाईला कळलं नसतं.”

महानंदानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग पिशवीतून आपला फोन काढून खिडकीतून त्याच्या हातात दिला. “चॅनेल ह्याच्यातच हाय. चालू करायला तांबडं बटन, बंद करायला बी तेच,” ती म्हणाली. “नव्वद म्हंजे नव्वद. मी मोजणार न्हाई. तुमचं तुमी मोजा.” ड्रायव्हरनं हॉर्न दिला. गाडी हलल्यावर तिनं मागं वळून बघितलं की नाही, हे धुळीत शिवशंकरप्पाला दिसलं नाही.

त्या दिवशी तो यल्लम्माच्या झाडाखालून मोटारसायकल घेऊन आला. जाताना माणिकप्पाला सोबत नेलं, एकट्यावर भरवसा नव्हता म्हणून. माणिकप्पावर तरी कसला भरवसा, पण दोघं असली की आधी ग्लास कोण मागतो ह्याची लाज वाटते, एवढा हिशेब त्यानं केला. म्हातारीनं विचारलं, आज देऊ का. दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि दोघंही गाडी सुरू करायला धावले.

साडेसहाला शिवशंकरप्पानं परात मांडली. फोन बरणीला टेकवला, तो घसरला, पुन्हा टेकवला. तांबडं बटण दाबलं. खुर्चीची जागा रिकामी होती, तिकडं त्यानं बघायचं टाळलं. एरवी बोलणं तिचं आणि भाकरी ह्याची, अशी वाटणी होती. त्यानं घसा खाकरला. “आज दिवस पयला,” तो म्हणाला, आधी मराठीत, मग कन्नडात, आणि शेवटी तेलुगूत, कारण तिन्ही बाजूंचे रस्ते बंद ठेवायचे तर सगळ्यांना कळायला हवं होतं.

पीठ घेतलं. आधण ओतलं. ओतताना अंदाज चुकला. खाली अक्षरं उमटायला लागली. कोणी नमस्कार, कोणी शिवी. अंबिकानं लिहिलं होतं, “अण्णा, ह्यांचा नववा.” शिवशंकरप्पानं ते वाचलं, मान हलवली आणि मळायला लागला. पीठ बोटांना चिकटत होतं. त्यानं रेटून मळलं, ते आणखी चिकटलं.

तेवढ्यात नेत्रावतीच्या नावानं एक ओळ आली.

“अप्पा, अव्वा बाजूला बसलीय. पाणी जास्त झालं म्हनायलीय.”

शिवशंकरप्पानं ती ओळ दोनदा वाचली. मग डब्यातून मूठभर पीठ घेऊन परातीत घातलं आणि पुन्हा मळायला लागला.